डोमा दैताची झाडणी

दुपारचे तीन वाजले होते. जागा हिरडबोडीच्या तळ्याखालचं पटांगण. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली होती, दंडार, म्हणजे तिकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, रंगात आली होती, आणि मालगुजाराचे दिवाणजी यादोराव डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत डोमा वलथरेच्या हातात लोंबत होते.

इतकं सगळ्यांना मान्य आहे. पुढचं मात्र ज्याच्या-त्याच्या तोंडी वेगळं आहे. त्यातलं खरं कोणतं हे झिटूला ठाऊक होतं, कारण त्या जागी लोंबायला हवा होता तो झिटू.

फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा झाडीपट्टीतली गावं मालगुजारांची होती, तळीही त्यांचीच होती, आणि तळ्यातलं पाणी कुणाचं असं विचारायची सोय नव्हती. हिरडबोडीच्या तळ्यावर ढिवरांची काही घरं होती. मासे धरायचे, शिंगाडे लावायचे, असं त्यांचं पोट. डोमा त्यांच्यातला. तो जन्मला तेव्हा सुईणीला मदतीला आणखी एक सुईण बोलवावी लागली, असं म्हणतात. एकदा धानाची बंडी चिखलात रुतली, तर त्यानं ती बैलांसकट उचलून रस्त्यावर ठेवली. बैलांना काही कळलंच नाही, ते आपले हवेत पाय हलवत चालतच राहिले. जांभळाचं झाड त्यानं गदागदा हलवलं की शेजारच्या गावच्या बायकांनी पदर पसरायचे, असंही म्हणतात.

एवढा दांडगा माणूस, पण कुणावर कधी हात टाकला नाही. भांडण दिसलं की तो दोघांना दोन काखांत उचलायचा आणि हसेपर्यंत खाली सोडायचा नाही. बायका रडकी पोरं घेऊन यायच्या. "डोमाभाऊ, याचा हट्ट झाडून दे गा." डोमा पोराला उचलायचा, हलकेच हलवायचा, पोर खदखदायचं, हट्ट पडून जायचा. एका म्हाताऱ्याची उचकी लग्नाच्या दिवसापासून थांबली नव्हती. डोमानं त्याला धरून झाडलं, तशी उचकी तोंडातून टुणकन बाहेर पडली आणि बेडकासारखी उड्या मारत तळ्यात गेली. अजून पावसाळ्यात ती तिथून ऐकू येते, असं म्हणतात.

मंडईच्या दंडारीत डोमा दैत व्हायचा. पांगाऱ्याच्या लाकडाचा मोठा मुखवटा, त्याला चिंचोक्याएवढी डोळ्यांची भोकं. ढोलकी कडाडली की दैत रिंगणात यायचा आणि गरजायचा, "भूक लागली! तुह्यापाशी काय हाये?" समोर गंमत्या असायचा, म्हणजे लोकांना हसवणारा. तो झिटू. झिटू इतका किडमिडीत होता की सावलीत उभा राहिला तर दिसायचा नाही. एका वर्षी तो कंजूष व्याही व्हायचा, एका वर्षी वैद्य, एका वर्षी कोतवाल. दैतानं विचारलं की तो अंगरख्याची बटणं घट्ट लावत म्हणायचा, "काई नाई जी! माह्यापाशी काईच नाई!"

मग दैत त्याला उचलायचा, उलटा करायचा आणि झाडायचा. झिटूच्या कपड्यांतून मुरमुरे पडायचे, लिंबं पडायची, पळी पडायची, कुणाच्या घरचं लाटणं पडायचं, जिवंत खेकडे पडायचे आणि लोकांच्या पायांत पळायचे. लोक पोट धरून लोळायचे. पोरं पडलेल्या वस्तूंवर तुटून पडायची. झाडणीत पडलं ते लोकांचं, हा मंडईचा कायदा होता. कुणी केला ते कुणाला माहीत नव्हतं, पण मोडला कुणीच नव्हता. लाटण्याची मालकीणसुद्धा लाटणं परत मागत नसे.

बघणाऱ्यांना वाटायचं, डोमा उचलतो आणि झिटू उचलला जातो. तसं नसतं. ही गोष्ट झिटू म्हातारपणी पाराखाली बसून हात नाचवत सांगायचा. उचलणाऱ्याचे हात जागेवर गेले की उचलला जाणारा स्वतः उडी मारतो. ती उडी नसेल तर कमरेत सळक भरते, दोघांच्याही. झाडतानाही तसंच. दैत हात नुसते धरून ठेवतो आणि हलतो तो गंमत्याच, मासा गळाला हलतो तसा. उलटं करण्याआधी डोमा बोटं दोनदा दाबायचा. म्हणजे, तयार का? झिटूनं गुडघा हलवला की तयार. इतकी वर्षं झिटूला झाडलं, पण त्याच्या मानेला लचक नाही की अंगावर वळ नाही. "आईनं पाळण्यात घातलं असंन ना, तसा धरे," असं झिटू म्हणायचा.

आता पाण्याचं.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या, पण दाण्यात दूध भरायला शेवटचं एक पाणी हवं होतं. ते पाणी तळ्यात होतं. काठोकाठ नव्हे, पण पुरेसं होतं. तळ्याच्या पाळीत, म्हणजे बांधात, पाणी सोडायची मोरी असते, तिला तिकडे तुडूम म्हणतात. मालगुजारानं त्या तुडुमावर लोखंडी झाकण बसवून कुलूप घातलं होतं. पाळीच्या पलीकडे मालगुजाराची उसाची वाडी होती. तिकडची मोरी वेगळी होती, आणि तिकडचा पाट रोज भरून वाहत होता. इकडे धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, भेगा पडत होत्या, आणि एका बांधीत झिटूचंही धान उभं होतं. वर्षाचं खाणं तेवढंच. ते गेलं तर झिटूला आणि त्याच्या आईला उन्हाळ्यात गाव सोडून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जावं लागणार होतं. आईला खडी काय, सुपारी फुटत नव्हती.

गाव दिवाणजींकडे गेलं. यादोराव दिवाणजी ओसरीवर पान लावत बसले होते. अंगात काळा कोट, डोक्याला लाल फेटा, शेजारी छत्री. पाऊस असो, नसो, छत्री असायचीच.

"चावी मालकांनी शहरात नेली," ते म्हणाले. "माझ्याजवळ असती तर मी नाही म्हटलं असतं का?"

दंडारीचे गुरू सोनबा म्हणाले, "मातामायच्या पारावर हात ठेवून सांगा जी."

दिवाणजी उठले, पारापर्यंत चालत गेले, हात ठेवला आणि सांगितलं. चावी माझ्याजवळ नाही. मग हात धुतले आणि पान खाल्लं.

कुलूप तोडा म्हणणारेही होते. पण आदल्या साली शेजारच्या गावानं तुडूम फोडलं होतं, आणि त्या गावातले बाप्ये अजून घरी आले नव्हते. म्हणून गाव गप्प बसलं. आज बसून नावं ठेवणं सोपं आहे. त्या दिवशी ज्यांच्या घरी पोरंबाळं होती त्यांना ते सोपं नव्हतं.

एकट्या डोमाला या पाण्याचं काही घेणं नव्हतं. त्याच्याकडे बांधी नव्हती. उलट तळं उतरलं की मासे कमी आणि शिंगाड्याची वेल उघडी पडायची. हे ध्यानात ठेवावं, कारण पुढे काही शहाण्यांनी असं बोलायला सुरुवात केली की डोमानं ते आपल्या फायद्यासाठी केलं. कसला फायदा, ते त्यांनी सांगितलं नाही.

मंडई आली. झिटूनं ठरवलं, या वर्षी दिवाणजी व्हायचं. स्वतःचा जुना कोट त्यानं हिरड्याच्या पाण्यात काळा केला, आईचं लाल लुगडं फेट्याला घेतलं, मोडकी छत्री पैदा केली.

सोनबांनी हात जोडले. "झिट्या, मरशीन बाप्पा."

"मंडईत कोनी रागवत नाई जी," झिटू म्हणाला. "आन् रागवला तं रागवला. धान तं तसंई मरूनच रायलं."

डोमा बाजूला बसून मुखवट्याला तेल लावत होता. तो एवढंच म्हणाला, "खेकडे दोनच घाल गा. मांगल्या साली एक माह्या दाढीत शिरला होता."

पटांगण भरलं. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. डोमाची बायको जायत्रा रिंगणाच्या कडेला उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली होती. दिवाणजींना दरवर्षीप्रमाणे पुढची खुर्ची होती. गेल्या वर्षी याच खुर्चीपाशी झाडणीतलं एक लिंबू घरंगळत आलं होतं, तेव्हा ते त्यांनी खिशात घातलं होतं आणि हसून म्हणाले होते, "झाडणीत पडलं ते लोकांचं! मीही लोकांतलाच!" लोकांनी तेव्हा टाळ्या दिल्या होत्या.

ढोलकी वाजली. दैत आला. नाचत रिंगणाला फेरी घातली, गरजला. आता गंमत्यानं यायचं. पण गंमत्या येईना.

गंमत्या बंडीच्या मागे होता आणि त्याची अवस्था वाईट होती. डोमाचं न ऐकता त्यानं कोटात चांगले मूठभर खेकडे कोंबले होते. त्यातल्या एकानं नको तिथे धरलं होतं आणि सोडत नव्हता. झिटू एका पायावर नाचत होता, दात आवळत होता, आणि ओरडताही येत नव्हतं, कारण सोंग फुटलं असतं.

एवढ्यात खुर्चीवरून दिवाणजींची नजर बंडीकडे गेली. चाकांमधून त्यांना आपलाच काळा कोट, आपलाच लाल फेटा आणि आपलीच छत्री विचित्र नाचताना दिसली. ते ताडकन उठले आणि छत्री उगारून थेट रिंगणात घुसले.

"बंद करा! बंद करा हा तमाशा! एकेकाला पाहून घेईन!"

आणि पटांगण हसण्यानं फुटलं.

"वा रे झिट्या! हुबेहूब गा!"

"चाल पाहा, चाल! अस्सल बदक!"

"पोटाला काय बांदलं रे, गादी?"

"मी झिट्या नाही!" दिवाणजी किंचाळले. लोक आणखी हसले. झिटूनं आजवर इतकं चांगलं सोंग कधी आणलंच नव्हतं. सोनबांच्या हातातले टाळ हसून हसून गळून पडले. दिवाणजी जितके चिडत होते, तितका गावचा जीव खूश होत होता.

चिंचोक्याएवढ्या भोकांतून डोमाला काय दिसलं असेल? काळा कोट दिसला, लाल फेटा दिसला. दरवर्षीच्या सवयीनं तो पुढे झाला, हात जागेवर घातले, बोटं दोनदा दाबली आणि उचललं.

समोरून उडी आली नाही.

एवढं होईतो झिटूनं खेकडा उपटून काढला होता आणि तो धावत रिंगणात आला होता. तो आला आणि जागीच थिजला. लोकांना दोन दिवाणजी दिसले. एक हवेत, उलटा. एक जमिनीवर, हातात खेकडा धरून. हसणं मधेच तुटलं. ढोलकीवाल्याचा हात वरच राहिला.

मुखवटा हळूहळू झिटूकडे वळला. आतून डोमाचा आवाज आला. झिटू जवळ होता, म्हणून त्यालाच नीट ऐकू आलं.

"झिटू, तू तिथं हायेस?"

"हाव."

"मंग हा कोन गा?"

"दिवाणजी."

"खरे?"

"खरेच जी."

मुखवटा पुन्हा हातातल्या ओझ्याकडे वळला. मग आतून आवाज आला, "मनूनच म्हटलं, यानं उडी काहून नाई मारली."

इथे सांगणारे थांबतात. कुणी म्हणतात, डोमाला शेवटपर्यंत कळलंच नाही, बिचाऱ्यानं चुकून केलं. तसं म्हणण्यात डोमाला वाचवायची माया आहे, पण ते खरं नाही. उचलणं चुकून झालं. पुढचं चुकून झालं नाही. डोमाला त्या क्षणी दिवाणजींना खाली ठेवता आलं असतं. पाया पडून, मुखवटा काढून, माफी मागून सुटता आलं असतं. झिटू तशीच खूण करत होता. पण डोमानं मान वळवून एकदा बांध्यांकडे पाहिलं. पटांगणातून त्या दिसायच्या, पिवळ्या पडत चाललेल्या. मग त्यानं दैताच्या आवाजात, सगळ्या मंडईला ऐकू जाईल असं विचारलं,

"भूक लागली! तुह्यापाशी काय हाये?"

आणि दिवाणजी उलट्या तोंडानं ओरडले, "माझ्याजवळ चावी नाही!"

चावीचं नाव कुणी काढलं नव्हतं.

मग डोमानं झाडलं.

असं म्हणतात की त्या झाडणीत तळ्याचं पाणी हिंदकळलं आणि चिंचेवरचे बगळे उलटे उडाले. आधी तपकिरीची डबी पडली. मग अडकित्ता पडला, सुपारी पडली, गेल्या वर्षीचं ते लिंबू सुकून खारकेएवढं झालेलं पडलं. मग दिवाणजींनी आजवर जे जे खोटं सांगितलं होतं ते काळ्या खड्यांसारखं तोंडातून गळू लागलं आणि गुडघाभर ढीग झाला. त्यांच्या लहानपणी शेजारणीच्या घरून खाल्लेले अनरसेसुद्धा अख्खे बाहेर आले, असं म्हणतात. खडे आणि अनरसे झिटूनं काही पाहिले नाहीत. डबी, अडकित्ता, सुपारी आणि लिंबू त्यानं पाहिलं. आणि कोटाच्या आतल्या खिशातून तुडुमाची चावी पडलेली पाहिली. वीतभर लांब, दांड्याला तेल लावलेली. ती दगडावर पडली आणि खणकन वाजली.

दिवाणजींचा हात तिच्याकडे गेला. पण ते अजून हवेत होते. जायत्रा टोपलीमागून उठली, दोन पावलं पुढे आली आणि चावीवर पाय ठेवून उभी राहिली.

"बाई, ती सरकारी चीज आहे!" दिवाणजी खालून ओरडले, म्हणजे वरून.

"मालकाची हाये का सरकारची, ते मले नाई समजत जी," जायत्रा म्हणाली. "झाडणीत पडलं ते लोकायचं. मांगच्या साली तुमीच तं म्हनत होते, लिंबू घेतांनी."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, पण हे हसणं मघाचं नव्हतं. सोनबांनी वाकून चावी उचलली, डोक्याला लावली आणि पाळीकडे चालू लागले. त्यांच्या मागे ढोलकी, ढोलकीमागे मंडई. मिठाईवाल्यानं दुकान उघडं टाकलं. तुडुमाचं झाकण उघडल्याचा आवाज पटांगणापर्यंत आला, आणि मग पाण्याचा.

रिंगणात तिघंच उरले. डोमानं दिवाणजींना सुलट केलं, हळूच खाली ठेवलं, कोटाची धूळ झटकली, फेटा उचलून त्यांच्या हातात दिला. मुखवटा काढून त्यानं विचारलं, "दुखलं का जी कुठं?"

दिवाणजी फेटा सावरत वळले. छत्री घेऊन निघून गेले.

त्या पाण्यानं सगळ्या बांध्या भिजल्या आणि तळं तसूभरही उतरलं नाही, असं म्हणतात. झिटूला हे आवडायचं नाही. तो म्हणायचा, "उतरलं. हातभर उतरलं. शिंगाड्याच्या वेली उघड्या पडल्या, त्या डोमाच्याच होत्या. कोनाचं काई न जाता आपल्याले मिळालं, असं कोनी सांगू नका." झिटूचं धान भरलं. आईनं नव्या तांदळाची पहिली मूठ ढिवरांच्या वस्तीवर नेऊन दिली.

पण तेव्हा डोमा घरी नव्हता.

मंडईच्याच दिवशी, उन्हं उतरायच्या आत, बाजारगावच्या चौकीतून शिपाई आले. मालकाच्या माणसाच्या अंगाला हात लावला, एवढंच ते म्हणाले. डोमानं मुखवटा जायत्राकडे दिला. अंगावर दैताचे कपडे तसेच होते, घुंगरं पायात तशीच. गाव आडवं आलं, तर त्यानंच बाजूला केलं. "जाऊन येतो ना. खाऊन थोडीच टाकतीन मले."

झिटू सोबत गेला. वाटेत शिपायांची भीड चेपली. त्यातला एक तरुण होता, तो म्हणाला, "काय रे दैता, आम्हालाही झाडून दाखव." डोमानं त्याला सांगितलं, "हात ठेवले का उडी मारजा, नाईतं कंबर धरते." शिपायानं उडी मारली, डोमानं त्याला उलटा करून हलवला, खिशातून विड्या पडल्या. त्या डोमानंच वेचून परत दिल्या. आपण मंडईबाहेर आलो, इथला कायदा वेगळा, असं म्हणाला. शिपाई हसत होते. झिटूलाही तेव्हा वाटलं, काही होणार नाही. चौकीचं दार ठेंगणं होतं. डोमा वाकून आत गेला. घुंगरं थोडी वाजली, मग थांबली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाव चौकीवर आलं. जमादार म्हणाला, "त्याला सोडला."

"कधी जी?" जायत्रानं विचारलं.

"सोडला म्हटलं ना."

"मंग घरी काहून नाई आला?"

"ते त्याला विचार."

जायत्रा पुढे बरीच वर्षं दर बाजाराच्या दिवशी चौकीपुढे जाऊन हेच विचारत राहिली. जमादार बदलले. उत्तर बदललं नाही. दिवाणजी मालकाच्या दुसऱ्या गावी गेले आणि तिथे सुखानं म्हातारे झाले. मालकानं सांगितलं, मला काही माहीत नाही. जिल्ह्याच्या साहेबानं सांगितलं, माझ्याआधीचं आहे. नंतर मालगुजारी गेली, तळी सरकारकडे गेली. नव्या सरकारनं सांगितलं, जुन्या सरकारचं आहे.

माणसाला उत्तर मिळालं नाही की तो गोष्ट करतो. हिरडबोडीनंही केली. डोमानं चौकीचं छप्पर टोपीसारखं उचललं आणि तो आभाळात चालत गेला, असं म्हणतात. तो तळ्याच्या तळाशी बसला आहे आणि तुडुमाचं झाकण आतून ढकलून धरतो, म्हणून त्या तळ्याचं पाणी कुणाला अडवता येत नाही, असं म्हणतात. पुराच्या पाण्यात बुडणाऱ्याला कुणीतरी काखेत हात घालून वर उचलतं, आणि उचलण्याआधी बोटं दोनदा दाबतं, असंही म्हणतात. ज्यांना असं उचललं गेलं ते शपथेवर सांगतात. त्यांच्याशी वाद घालू नये.

हिरडबोडीत मंडई अजून दुपारीच भरते. दंडारीत दैत अजून येतो. पण आता गंमत्या नसतो. तुडुमाची चावी त्या वर्षी ज्याच्याकडे असेल, तो रिंगणात येतो. कधी पाटबंधाऱ्याचा चौकीदार, कधी पाणीवाटप संस्थेचा अध्यक्ष, कधी खुद्द सरपंच. कोट, फेटा काही घालायचं नाही, आपल्याच कपड्यांत यायचं. उडी मारायची नाही, पूर्ण वजन द्यायचं. डोमाइतका दांडगा आता कुणी नाही, म्हणून चौघं-पाचजण मिळून उचलतात, घामाघूम होतात, एकमेकांवर ओरडतात, "डोकं धर रे साहेबाचं, डोकं!" साहेबाचे मोबाइल पडतात, चष्मे पडतात, गाडीच्या किल्ल्या पडतात. सगळं लोकांचं होऊन जातं. एकदा एक अध्यक्ष आले नाहीत, म्हणाले, हा अपमान आहे. तर सगळी मंडई ढोलकी घेऊन त्यांच्या अंगणात जाऊन बसली आणि तिथेच शिंगाडे उकडायला ठेवले. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतःहून उलटे व्हायला तयार झाले. त्या गावात पाण्याची पाळी चुकल्याचं तेव्हापासून ऐकिवात नाही.

झाडून झाल्यावर त्याला सुलट करतात, अंगावरची धूळ झटकतात आणि दुखलं का विचारतात. मग वलथऱ्यांच्या घरची सगळ्यांत मोठी बाई पुढे येते. हसणं थांबतं. ती विचारते, "डोमा कुठं हाये जी?"

चावीवाला मान खाली घालतो. त्याला ठाऊक नसतं, आणि त्याचा दोषही नसतो. पण त्यानं ते सगळ्यांसमोर तोंडानं म्हणावं लागतं. माहीत नाही. त्याशिवाय झाडणीत पडलेली तुडुमाची चावी परत देत नाहीत.

आता झिटूचं तेवढं राहिलं. तो जन्मभर सगळ्यांना हसवत राहिला, पण ही एक गोष्ट हसत न सांगता सांगायचा, आणि जो कुणी नवा जमादार, नवा साहेब, नवा पुढारी गावात येई त्याला ऐकवायचा. डोमा आत गेला त्या संध्याकाळपासून गाव येईपर्यंत तो चौकीसमोरच्या दगडावर बसून होता. डोळ्याला डोळा लागला नाही. घुंगरं वाजली नाहीत. जमादार म्हणतो, सोडला. चौकीला दार एकच होतं, आणि झिटूचं तोंड त्या दाराकडे होतं.